सोलापूरहून स्वराज द्वीपला: रिसॉर्टमध्ये नुसतं राहायला जायचं असेल तर

सोलापूरच्या माणसाला अंदमान वर्षातून एकदाच आठवतं. मे महिन्यात पारा 43 च्या पुढं गेलेला असतो, नळाला पाणी काही दिवसांआड, आणि टीव्हीवर पट्टी सरकते, ‘मान्सून अंदमानात दाखल’. मग आपण बोटांवर दिवस मोजायला लागतो. तिथं जाऊन राहावं असं मनात यायचं कारणच नसतं. आलंच, तर एजंटकडं जातो आणि तो चार दिवसांत तीन बेटं आणि अकरा पॉइंट बसवून देतो.

मीही तेच केलं होतं. डिसेंबर संपत आलेला. रिसॉर्टच्या एका रात्रीचं भाडं ऐकून बायको दोन दिवस बोलली नव्हती. संध्याकाळी सव्वापाचला आम्ही रिसॉर्टच्या दारात. रजिस्टरवर सह्या करून, शहाळं पिऊन खोलीकडं निघेपर्यंत मिट्ट काळोख. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला गाडी दारात, कारण पुढच्या बेटाची बोट होती. समुद्र आम्ही ऐकला, बघितला नाही. बिल मात्र नीट बघितलं.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा सगळं स्वतः ठरवलं. एकच बेट, एकच रिसॉर्ट, चार रात्री. हा लेख त्या दुसऱ्या फेरीच्या जोरावर लिहितोय. पॉइंट बघायचे असतील त्यांनी इथंच थांबलं तरी चालेल.

आधी नावांचा घोळ सोडवा

बुकिंग करताना दोन-दोन नावं दिसतील. हॅवलॉक म्हणजेच स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप. ही नावं डिसेंबर 2018 मध्ये बदलली. पोर्ट ब्लेअरचं 2024 मध्ये श्री विजयपुरम झालं. विमानाच्या आणि बोटीच्या तिकिटांवर, हॉटेलच्या पत्त्यावर जुनं-नवं काहीही असू शकतं. घाबरू नका, गाव तेच आहे. ही बेटं आपल्याच देशात असल्यानं पासपोर्ट लागत नाही आणि या दोन ठिकाणी जायला भारतीयांना परवानाही लागत नाही. आधार कार्ड मात्र प्रत्येकाचं, लहान मुलांचंसुद्धा, मूळ प्रत जवळ ठेवा. बोटीवर चढताना बघतात.

कधी जायचं

ती टीव्हीवरची पट्टी इथं कामाला येते. मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास मान्सून तिथं पोचतो आणि समुद्र खवळतो. बोटी रद्द होतात, पाण्यात उतरू देत नाहीत. आपल्याला ज्या पावसाची आस लागलेली असते तो नेमका त्यांचा बंद हंगाम. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही परतीच्या पावसाचे आणि वादळांचे दिवस असतात. नाताळ ते नवीन वर्ष भाडी सगळ्यात चढलेली आणि सगळीकडं गर्दी.

माझं मत विचाराल तर सोलापूरची संक्रांतीची गड्ड्याची जत्रा करून, मग निघा. जानेवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंत समुद्र शांत असतो, पाणी काचेसारखं आणि रिसॉर्टवालेही जरा मोकळे झालेले असतात.

तारीख पक्की करण्याआधी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघा. हे कुठला एजंट सांगत नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, म्हणजे भरती मोठी आणि ओहोटीही मोठी. बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर अशा ओहोटीला पाणी इतकं मागं जातं की समोर नुसते खडक आणि चिखल उरतो. त्यात पोहता येत नाही. उलट अमावास्येच्या आसपासच्या काळ्याकुट्ट रात्री तिथल्या खाडीत वल्हं मारलं की पाणी निळसर चमकतं. पाण्यातले सूक्ष्म जीव ढवळले गेले की प्रकाश देतात. चांदणं असलं की ते दिसत नाही. पोहायचं की चमकतं पाणी बघायचं, हे ठरवा आणि मग तारीख घ्या. आम्ही अमावास्या धरली. घरात आईला सांगितलं नाही.

रिसॉर्ट निवडताना

सगळ्यात मोठा निर्णय हा की किनारा पूर्वेचा की पश्चिमेचा. बेटावरच्या किनाऱ्यांना नंबर दिलेले आहेत. पूर्वेला विजयनगर, म्हणजे पाच नंबर. बहुतेक रिसॉर्ट त्या बाजूला. तिथं सूर्योदय समोर, माडांची सावली, जेट्टी आणि बाजार जवळ. पण ओहोटीचा त्रास. पश्चिमेला राधानगर, म्हणजे सात नंबर. लांबलचक पांढरी वाळू, तळही वाळूचाच, मागं उंच झाडांचं जंगल आणि सूर्यास्त समोर. ‘टाइम’ मासिकानं 2004 मध्ये त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं होतं आणि 2020 मध्ये त्याला स्वच्छ किनाऱ्याचं ‘ब्लू फ्लॅग’ मानांकन मिळालं. या बाजूला रिसॉर्ट मोजकेच. ताज एक्झॉटिका आणि बेअरफूट ही त्यातली माहितीतली नावं. जेट्टीपासून दहा-बारा किलोमीटर आत. शांतता हवी असेल तर पश्चिम. पैसे वाचवायचे असतील तर पूर्वेला राहा आणि संध्याकाळी गाडी करून राधानगरला या, मात्र मग ती ‘नुसतं पडून राहण्याची’ सुट्टी राहत नाही.

मग फोन लावा. वेबसाइटवरचे फोटो बघून समाधान मानू नका. ‘बीच व्ह्यू’ म्हणजे झाडांच्या फटीतून समुद्राची एक रेघ दिसली तरी बीच व्ह्यूच. ‘बीच फ्रंट’ म्हणजे समोर मध्ये काही नाही. दोघांच्या भाड्यात बराच फरक असतो. मी थेट विचारलं, ‘खोलीच्या दारातून निघालो की वाळूला पाय लागेपर्यंत किती पावलं?’ पलीकडचा मुलगा आधी हसला, मग खरोखर कुणाला तरी विचारून आला. आईवडील बरोबर असतील तर पायऱ्या किती, बॅटरीची गाडी आणून सोडतात का, हे विचारा. मुलं असतील तर मुलांना घेतात का हेही, कारण काही छोटी रिसॉर्ट फक्त मोठ्यांसाठीच असतात.

जेवणाचे तीन प्रकार सांगतील. सीपी म्हणजे खोली आणि सकाळचा नाश्ता. एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण. एपी म्हणजे तिन्ही. आपल्या माणसाला एपी स्वस्त वाटतं, पण तिथं नाश्ताच इतका होतो की दुपारी भूक लागत नाही. एमएपी घ्या, रात्रीचं जेवण त्यात धरा. राधानगरच्या बाजूला रात्री बाहेर फारसं काही मिळत नाही.

भाड्याचा अंदाज: या दर्जाच्या ठिकाणी हंगामात रात्रीला पंधरा-वीस हजारांपासून पुढं, आणि वरची हद्द नाही. 7500 रुपयांच्या वरच्या खोलीला 18 टक्के जीएसटी. सांगितलेल्या आकड्यात तो धरलाय का, हे विचारल्याशिवाय पैसे पाठवू नका. तारीख बदलली तर काय, बोट रद्द झाली तर काय, हे लेखी घ्या. आणि तीन रात्रींपेक्षा कमी राहणार असाल तर एवढ्या महागड्या ठिकाणी जाऊच नका, साधं हॉटेल बघा. पहिला दिवस प्रवासाचा शीण घालवण्यात जातो, शेवटचा बॅग भरण्यात. मधला एक दिवस तरी आपला नको का?

सोलापूरहून बेटापर्यंत

श्री विजयपुरमला थेट विमानं हैदराबाद, चेन्नई, बेंगळुरू, कोलकाता इथून असतात. आपल्याला हैदराबाद सोयीचं. नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद असा साधारण तीनशे किलोमीटरचा रस्ता. पाटनचेरूला आउटर रिंग रोड धरला की शहरात न शिरता शमशाबादचा विमानतळ येतो. दुसरा पर्याय चेन्नईचा. मुंबई-चेन्नई लोहमार्ग सोलापूरवरूनच जातो, त्यामुळं रात्रभर रेल्वेत झोपून जाता येतं. कुठूनही जा, पण विमान पहाटेचं असेल तर आदल्या रात्री त्या गावात मुक्काम करा. रात्रभर गाडी चालवून विमानात बसायचं आणि उतरून बोटीत बसायचं, हा उद्योग मी एकदा केलाय. बोटीतली पिशवी कशासाठी असते ते तेव्हा कळलं.

विमानतळाला वीर सावरकरांचं नाव आहे, नवं टर्मिनल 2023 मध्ये सुरू झालं. तिथून बेटावर जायला बोट. सरकारी बोट स्वस्त, अडीच तासांच्या आसपास घेते, तिच्या डेकवर उभं राहायला मिळतं. खासगी बोटी म्हणजे तिथले लोक ज्यांना क्रूझ म्हणतात त्या, बंद एसी डब्यासारख्या आणि साधारण दीड तासात पोचवतात. हंगामात दोन्हींची तिकिटं आधी काढलेली बरी. दुपारनंतर खासगी बोटी फारशा नसतात. म्हणून विमान उतरणं आणि बोट सुटणं यात निदान तीन तास ठेवा, नाहीतर पहिली रात्र श्री विजयपुरमलाच काढा. ती फुकट जात नाही. सेल्युलर जेल बघून होतं. 1906 मध्ये बांधून पुरा झालेला तो तुरुंग, सावरकर तिथं 1911 ते 1921 होते. इंग्रजांनी फाशी दिलेल्या आपल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांसमोरून रोज जाणाऱ्या माणसाला त्या कोठड्यांसमोर उभं राहिल्यावर काही सांगावं लागत नाही.

बोट लागणाऱ्यांनी मधल्या रांगेत, मागच्या बाजूला बसावं. पुढं बसलात की प्रत्येक लाट पोटात येते. गोळी डॉक्टरांना विचारून, बोट सुटायच्या आधी घ्या. सुटल्यावर घेऊन उपयोग नाही. आमच्याकडं आलेपाकाच्या वड्या होत्या. शेजारच्या कोलकात्याच्या बाईंनी निम्म्या संपवल्या.

बॅगेत काय

अंदमानचा उकाडा आपल्यासारखा नाही. पारा तीस-एकतीसच्या वर फारसा जात नाही, पण हवा दमट. आपल्याकडं 43 मध्ये घाम येतो आणि वाळतो, तिथं तो अंगावरच राहतो. सुती कपडे बरे, पण पोहायला सुती नको. माझा धंदा टॉवेलचा, म्हणून हक्कानं सांगतो: घरचा जाडजूड टेरी टॉवेल नेऊ नका. दोन दिवस वाळत नाही आणि तिसऱ्या दिवशी वास मारतो. रिसॉर्ट खोलीत आणि किनाऱ्यावर वेगवेगळे टॉवेल देतात. मी पहिल्याच दिवशी त्यांचा टॉवेल चिमटीत धरून बघितला, साधारण 550 जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला तेवढं ग्रॅम वजन. बायको म्हणाली, “अहो, सुट्टीवर आलोय आपण.”

खाण्याचं म्हणाल तर शेंगाची चटणी आणि कडक भाकरी न्याच. चार दिवस सारखं हॉटेलचं खाऊन तोंड विटतं. पण चटणी, तिखट, लोणचं हातातल्या बॅगेत ठेवू नका, सुरक्षा तपासणीला काढून घेतात. विमानात आधीच जमा करतो त्या सामानात टाका. सुकं खोबरं मात्र सामानातही चालत नाही, त्यात तेल असतं, पेट घेण्याची भीती. म्हणजे खोबऱ्याची वाटी घरीच.

बाकी टोपी, सनस्क्रीन, वाळूतल्या बारीक माशांसाठी अंगाला लावायचं मलम, नेहमीची औषधं पुरतील एवढी. रोख रक्कम थोडी जास्तच ठेवा. 2020 मध्ये चेन्नईहून समुद्राखालून ऑप्टिकल केबल आली, तेव्हापासून नेट बरंच सुधारलंय, पण भरवसा ठेवून बाजारात जाऊ नये, आणि बेटावर एटीएम मोजकीच.

पोचल्यावर

घड्याळ आपलंच, सूर्य मात्र आपला नाही. बेट सोलापूरच्या सतरा अंश पूर्वेला आहे, म्हणून सूर्य तासाभराहून जास्त आधी उगवतो आणि तेवढाच आधी मावळतो. हिवाळ्यात संध्याकाळी पाच-सव्वापाचला मावळला. आमची पहिली फेरी इथंच बुडाली होती. तेव्हा तिथं सोलापूरच्या वेळेनं जगू नका. पहाटे पाचला उजाडतं, तेव्हाच उठा. किनाऱ्यावर तुम्ही, दोन-चार कुत्री आणि आपापल्या बिळात पळणारे खेकडे. आठपर्यंत पोहून घ्या. मग नाश्ता, मग झोप. होय, नाश्त्यानंतर झोप. दुपारचं ऊन अंगावर घेण्यात काही मर्दुमकी नाही. साडेतीनला पुन्हा पाण्यात, साडेपाचला अंघोळ, साडेसातला जेवण, नऊला दिवा बंद. दुसऱ्या दिवशी शरीर आपोआप त्या लयीत येतं.

रिसेप्शनवर पहिल्याच दिवशी भरती-ओहोटीच्या वेळा कागदावर लिहून मागा. त्या रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढं सरकतात, म्हणजे एकदा घेतल्या की पुढचा हिशेब आपला आपण करता येतो. पाण्यात कुठं उतरायचं हे जीवरक्षकाला विचारा आणि मगरीचा फलक लावलेला असेल तिथं पायसुद्धा बुडवू नका. त्या खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, फलक शोभेला लावलेले नाहीत. सिद्धेश्वर तलावात पोहायला शिकलेल्यांनीही समुद्राला मान द्यावा.

आता सगळ्यात अवघड भाग. काही न करणं.

आपल्याला ते जमत नाही. पहिल्या दिवशी मी अकरा वाजता आराम खुर्चीवरून उठून बायकोला म्हणालो, ‘चल, काहीतरी बघून येऊ.’ तिनं पुस्तकातून मान वर न करता विचारलं, “काय राहिलंय?” खरंच काही राहिलं नव्हतं. तरी मी गोदामात फोन लावला, सुताचा भाव विचारला, अक्कलकोट रोडवर वीज गेली का विचारलं. शेजारच्या खुर्चीवरचे गृहस्थ उठून लांब जाऊन बसले, तेव्हा कळलं की मी ओरडून बोलतोय. सोलापुरात यंत्रमागाच्या आवाजात बोलायची सवय. तिथं लाटांशिवाय आवाज नसतो. म्हणून एक नियम करा: फोन दिवसातून एकदा, खोलीत, दार लावून. गाण्याचा डबा तर घरीच ठेवा.

दिवसाला एक गोष्ट ठरवायची, दुसरी नाही. एखाद्या दिवशी एलिफंट बीचला जाऊन मुखवटा लावून प्रवाळ बघा. जेट्टीवरून बोटीनं जाता येतं. एखाद्या दिवशी मसाज, पण त्याची वेळ आदल्या दिवशीच घ्या. एक दुपार गोविंदनगरच्या बाजारात घालवा. बेटावर बरीच वस्ती पूर्व बंगालमधून येऊन वसलेल्या कुटुंबांची, त्यामुळं साध्या खानावळीतली माशाची थाळी बंगाली हाताची असते, मोहरीच्या तेलातली. शाकाहारी असाल तर रिसॉर्टच्या स्वयंपाक्याला पहिल्याच दिवशी भेटा. आमच्यासाठी त्यानं आमटी केली, गोड झाली, पण दुसऱ्या दिवशी आमची चटणी त्याला दिल्यावर सुधारली.

अमावास्येच्या रात्री आम्ही कयाकमध्ये, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होडीत, बसून खाडीत गेलो. वाटाड्यानं टॉर्च विझवायला सांगितली. वल्हं पाण्यात घातलं तसं त्याच्या टोकाला निळी राख उडाल्यासारखं झालं. बायकोनं हात बुडवला आणि बाहेर काढला. बोटांवरून ठिणग्या ओघळल्या. ती काही बोलली नाही. मीही भाव-बिव काढला नाही. या सगळ्याचा फोटो येत नाही, तेव्हा मोबाईल खोलीतच ठेवून जा.

स्कूबा करायचं असेल तर ते पहिल्या एक-दोन दिवसांत उरका. खोल पाण्यात उतरल्यावर निदान 18 ते 24 तास विमानात बसायचं नसतं. हृदयाचा, कानाचा, दम्याचा त्रास असेल तर तिथं खरं सांगा.

निघताना

परतीचं विमान ज्या दिवशी, त्याच दिवशीची बोट घेऊ नका. वाऱ्यानं बोट रद्द झाली तर विमान गेलं. आदल्या दिवशी दुपारपर्यंत श्री विजयपुरमला या. खोली सोडण्याची वेळ बहुधा अकराची, बोट दुपारची असेल तर सामान रिसेप्शनवर ठेवून तोवर किनाऱ्यावर बसू देतात. अंघोळीची सोय आहे का तेवढं विचारून ठेवा, नाहीतर मीठ अंगावर घेऊन प्रवास होतो.

बक्षिसी वेगवेगळ्या हातात देण्यापेक्षा रिसेप्शनवरच्या सामाईक पेटीत टाका. खोली झाडणारी, भांडी घासणारी माणसं तुम्हाला दिसलेलीच नसतात.

शंख, शिंपले, प्रवाळाचा तुकडा, किनाऱ्यावर पडलेला असला तरी बॅगेत घालू नका. वन्यजीव संरक्षण कायदा आहे 1972 चा, आणि विमानतळावर बॅगा तपासतात. माझ्या पुढच्या रांगेतल्या शाळकरी मुलीच्या डब्यातून चार शिंपले निघाले. अधिकारी रागावला नाही, फक्त हात पुढं केला. तिनं एकेक करून ते ठेवले. आमच्या बॅगेत वाळूशिवाय काही नव्हतं. ती अजून गाडीच्या डिकीत सापडते.